वाचनालय 'खंगलं' की 'झिजलं'? शब्द सुचवा, जरा अर्जंट आहे

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका गावातली. आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा ७५ वर्षं होतायत आणि स्मरणिका काढायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात घातलंय, कारण काय तर मी मराठीत एम.ए. केलंय, म्हणजे हिला सगळं येतं असा सगळ्यांचा समज. तर प्रास्ताविकात मी एक साधं वाक्य लिहिलं, "नव्वदच्या दशकानंतर वाचनालय हळूहळू खंगत गेलं." प्रूफ एका जुन्या सभासदांना दाखवलं, गाव त्यांना दादा म्हणतं, वय ८० च्या पुढे, वाचनालयाची किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याच खिशात असायची. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "बाय, खंगता तो मनीस. कपाट खंगता?"

झालं. मग मी 'झिजत गेलं' केलं. तर आमचे खजिनदार म्हणाले, झिजतं ते वापरून वापरून ना? मग आमच्याकडे वापरतंय कोण? महिन्याला तीन माणसं येतात, त्यातली दोन पेपर वाचायला आणि एक पंख्याखाली बसायला.

मुद्दा बरोबर आहे त्यांचा, राग येतो तरी. 'क्षीण झालं' लिहिलं तर आकाशवाणीच्या बातम्या वाटतात आणि 'ऱ्हास झाला' म्हटलं तर जणू विजयनगरचं साम्राज्य. मला असा शब्द हवाय की ती संस्था एकदम बंद पडली नाही, कुणी मुद्दाम मारली नाही, अजून आहे, पण दर वर्षी थोडी थोडी कमी होत गेली. प्रेसवाल्याला सोमवारी फायनल द्यायचंय. सुचवा प्लीज.

पुणेरी_जावई
दादांचं बरोबर आहे. खंगणे हे सजीवांनाच लागतं, त्यातही मुख्यतः माणसाला, फार तर गाईगुरांना. आजाराने खंगला, काळजीने खंगली. संस्थेला लावणं ही वर्तमानपत्री सवय आहे, "उद्योग खंगले" वगैरे, मला वाचताना दाताखाली खडा येतो. तुम्हाला तयार वाक्प्रचार आहे की, 'उतरती कळा लागली'. कळा म्हणजे चंद्राच्या कला. पौर्णिमेनंतर रोज एकेक कमी होते ती उतरती कळा. हळूहळू कमी होणं यापेक्षा नेमकं कुठे सापडणार?

सुरंगी
@पुणेरी_जावई, छान आहे पण प्रत्येक स्मरणिकेत हाच वाक्प्रचार असतो हो. दशावतारावर लिहा, मिठागरांवर लिहा, पोदेरांवर, म्हणजे पाववाल्यांवर लिहा, दुसऱ्या परिच्छेदात उतरती कळा लागतेच.

चुकार_मास्तर
निदान 'घरघर लागली' तरी लिहू नका एवढी विनंती. मी सत्तरी तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आता रिटायर्ड. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गोवामुक्तीनंतर गावोगाव ज्या शाळा उघडल्या त्यातल्याच एकीत शिकलो आणि तशाच दुसऱ्या एकीत शिकवलं. पटावर चाळीस मुलं होती ती माझ्यादेखत नऊवर आली. आणि दर जूनमध्ये पेपरात एकच मथळा, 'मराठी शाळांना घरघर'. अहो घरघर म्हणजे शेवटच्या घटकेला माणसाच्या घशात जो आवाज होतो तो. ती लागली की घरचे लोक तोंडात गंगाजळ घालतात आणि नातेवाइकांना फोन करतात. आता वीस-पंचवीस वर्षं घरघर लागलेला पेशंट तुम्ही कुठे बघितलाय? पहिल्या वर्षी मथळा वाचून लोक हळहळले, पाचव्या वर्षी नुसतं पान उलटलं, आणि शाळा बंद झाली त्या वर्षी बातमीच आली नाही कारण घरघर तर छापून झाली होती ना आधीच.

शब्द अगोदरच खर्च केला की असं होतं. हळूहळू होणाऱ्या गोष्टीला हळू शब्दच पाहिजे.

ता.क. भूगोलात 'जमिनीची धूप' शिकवताना एका पोराने वहीत शेत काढलं आणि शेतात उदबत्ती लावली. मी त्याला पूर्ण मार्क दिले. पावसाने माती थोडी थोडी वाहून जाते ती धूप, हा पण तुमच्याच कुटुंबातला शब्द, पण वाचनालयाची धूप म्हटलं तर लोक आरतीला उभे राहतील.

रगड्याची_फातर
मास्तर 😂😂

मला झिजणेबद्दल बोलायचंय कारण त्याला उगाच नाकारलं असं वाटतंय. झिजणं हा मानाचा शब्द आहे. चंदनासारखी झिजली असं आपण आईबद्दल, आजीबद्दल म्हणतो, खंगली म्हटलं तर कीव येते आणि झिजली म्हटलं तर हात जोडावेसे वाटतात. दोन्हीत माणूस कमीच होतो, पण झिजताना जे कमी झालं ते कुणाच्या तरी कपाळाला लागलेलं असतं. खंगताना ते कुठे गेलं कळतच नाही.

आणि सगळे चंदनाचंच बोलतात, सहाणेचं कुणी बोलत नाही. आमच्या घरी देवघरात जी सहाण आहे तिला मधोमध खळगा पडलाय, आजेसासूच्या आधीपासूनची आहे, चार पिढ्यांत किती खोडं संपली असतील पण दगडसुद्धा झिजलाच की. तुमचं वाचनालय हे खोड नव्हे, सहाण आहे असं मला वाटतं. पुस्तकं फाटली, नवी आली, परत फाटली, ते चालायचंच, पण ज्याच्यावर हे सगळं घासलं जात होतं ते आता खोलगट झालंय.

अजून एक. पाटा किंवा रगडा वापरून गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही, नुसता इकडून तिकडे सरकतो. मग आमच्या लहानपणी टाकी लावणारा यायचा, अंगणात बसून छिन्नीने टकटक करत दगडावर परत बारीक खड्डे पाडायचा, की पाटा पुन्हा नव्यासारखा खरखरीत. म्हणजे झिजलेल्याला टाकी लावता येते. खंगलेल्याचं तसं नाही, त्याला औषधच पाहिजे, आणि लागू पडेल का नाही ते देव जाणे.

तुमच्या खजिनदारांना विचारा, पंख्याखाली बसणारा तो एक माणूस, खुर्ची तर झिजवतोय ना?

तिसवाडीकर
खुर्ची झिजवणं वेगळं, उंबरे झिजवणं वेगळं आणि जोडे झिजवणं त्याहून वेगळं. मी एका दाखल्यासाठी पाच महिने एका सरकारी कार्यालयाचे उंबरे झिजवले. उंबरा तस्साच आहे, मीच झिजलो.

गवती_चहा
मी डॉक्टर, फोंड्याला प्रॅक्टिस आहे. दिवसभर हेच शब्द ऐकते म्हणून लिहिते.

पेशंट स्वतःला कधीही खंगलो असं म्हणत नाही. तो म्हणतो अशक्तपणा आलाय, जीव नाही अंगात, जेवण जात नाही. खंगलाय हे नेहमी बरोबर आलेली बायको किंवा भाऊ म्हणतो. बाहेरून बघणाऱ्याचा शब्द आहे तो, आणि त्यातही रोज बघणाऱ्याचा नाही, मधे गॅप पडलेल्याचा. मुंबईची बहीण चवथीला येते आणि दारातच ओरडते, किती खंगलास रे! घरातल्यांना तोवर काहीच दिसलेलं नसतं कारण रोज एक चमचा कमी झालेलं कुणाला दिसणार. आणि ओरडायचे शब्द पण गावागावाचे, माझी देशावरची सासू म्हणते "किती वाळलास", आमच्याकडे म्हणतात "किती सुकलास". दोन्ही उन्हातले शब्द पण वाळवणं म्हणजे पापड आणि सुकवणं म्हणजे बांगडे, हे मी सासूला अजून सांगितलेलं नाही.

झीज हा शब्द मात्र पेशंट बिनधास्त वापरतात. गुडघ्याची झीज, मणक्याची झीज. त्यात लाज नाही, उलट जरा अभिमानच असतो, आयुष्यभर राबलो बघा असा. वर @रगड्याची_फातर यांनी लिहिलंय ते मी रोज एक्स-रे हातात धरून बघते.

आणि तिसरा, क्षय. हा तर मुळात नुसता 'कमी होत जाणं' एवढाच शब्द, तिथीचा क्षय होतो, अक्षय तृतीयेला काही कमी होत नाही, पण रोगाला तेच नाव पडलं आणि मग त्या शब्दाचीच लोकांना भीती बसली. पूर्वी घरात क्षयाचा पेशंट असला तर शब्द उच्चारायचे नाहीत, 'त्याला ते झालंय' म्हणायचे. सरकारने आता टीबीच्या पेशंटांच्या ऑनलाइन नोंदणीला निक्षय नाव दिलंय, कुणीतरी डोकं चालवलंय तिथे. @पुणेरी_जावई तुमची उतरती कळासुद्धा फिरून इथेच येते. पुराणातली गोष्ट आहे ना, दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या आणि हा एकट्या रोहिणीकडेच राहायला लागला, म्हणून सासऱ्याने क्षयाचा शाप दिला. मग उःशाप मिळाला की पंधरा दिवस झिजशील आणि पंधरा दिवस भरशील. म्हणजे उतरत्या कळेत परत चढायची सोय आहे. वाक्प्रचार वापरताना पुढचा अर्धा भाग सगळे विसरतात.

पुणेरी_जावई
वा. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मान्य.

फक्त एक विचारतो, मग झुरणे कुठे बसवायचं? ते फक्त प्रेमातलं ना?

आबोली_म्हापसा
नाही हो प्रेमातलं फक्त! आमच्या वाड्यावर घरटी एक माणूस तारवटी, म्हणजे बोटीवर. शेजारच्यांचा मुलगा नऊ-नऊ महिने बोटीवर असतो. तो गेला की त्यांचा कुत्रा पहिले आठ-दहा दिवस गेटकडे तोंड करून पडून राहायचा, भाकरी तशीच, मासळीचं डोकंसुद्धा तसंच, आणि सगळे म्हणायचे कुत्रा झुरतोय. माणूस आजाराने खंगतो, कामाने झिजतो आणि नसलेल्या माणसापायी झुरतो. कारण काय त्यावरून क्रियापद ठरतं. तशी त्याची आई पण झुरायची पण ती जेवायची आणि आम्हाला पण वाढायची, त्यामुळे तिचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

वाचनालय वाचकांसाठी झुरतंय असं लिहा ना सुरंगी. मला आवडेल.

सुरंगी
आवडलं मलाही पण दादा म्हणतील कपाट झुरता?

जुना_ओव्हरसियर
खात्यात होतो, नाव सांगत नाही. कारणावरून क्रियापद ठरतं हे वाचून लिहावंसं वाटलं.

मांडवीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ ला पडला. १९७० च्या आसपासचा पूल, म्हणजे वीस वर्षंसुद्धा पुरी झालेली नव्हती. त्यानंतर पर्वरी ते पणजी फेरीबोटीच्या रांगा ज्यांनी काढल्या त्यांना विचारा. तेव्हा लोक म्हणायचे एका क्षणात पडला. पडला एका क्षणात हे खरं, पण मरत होता कित्येक वर्षं. काँक्रीट दिसायला ठणठणीत, आत ताणून बसवलेल्या ज्या पोलादी तारा असतात त्या खाऱ्या हवेने गंजत होत्या. ह्याला झिजणं म्हणत नाहीत. झीज बाहेरून दिसते, पायरी झिजली तर पाय ठेवताना कळतं, टायर झिजला तर हात फिरवून कळतं. गंज आत असतो, वर रंग मारला की झाकला पण जातो.

तेव्हा सुरंगीबाय, आधी हे ठरवा की तुमचं वाचनालय झिजलं का गंजलं. माणसं येऊन येऊन कमी झालं का न येऊन? वापर थांबला की लोखंड गंजतं, विळा रोज वापरला तर त्याला गंज चढत नाही. खजिनदार म्हणतायत ते खरं असेल तर तुमचा शब्द 'गंजलं'.

आणि कपाट खरंच गंजतं, दादांची तक्रार मिटली.

सुरंगी
कपाट लाकडी आहे काका 🙈

जुना_ओव्हरसियर
मग वाळवी.

खाजनवालो
मी वाचत होतो फक्त पण आता राहवत नाही. आमचं खाजन आहे, नदीकाठचं, भरतीच्या पाण्याच्या पातळीखालची शेती, बांध घालून राखलेली. कोरगुट भात लावायचो आम्ही, थोडं खारं पाणी सोसणारं. बांध मातीचा असतो आणि पाणी आतबाहेर करायला मानस असते, तिची लाकडी दारं अशी की भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, कुणी माणूस लागत नाही. एवढी हुशार वस्तू, पण बांध कोण मोडतो? पूर मोडत नाही आधी. कुर्ली, म्हणजे खेकडा, मोडते. ती बांधात एक बीळ करते, बोटाएवढं. ओहोटीला त्यातून थोडं पाणी झिरपतं, थोडी माती नेतं. दुसऱ्या दिवशी थोडी अजून. वरून गवत हिरवंगार, चालायला घट्ट, आणि आत पोकळ. मग एका अमावास्येच्या भरतीला धाडकन फुटतो आणि शेतात खारं पाणी, पुढची तीन पावसाळी मीठ धुऊन जायची वाट बघा.

आमच्याकडे त्याला बांध पोखरला म्हणतात. पण खरी गोष्ट अशी की बिळं पूर्वी पण पडायचीच, कुर्ल्यो काही नव्या आल्या नाहीत. पूर्वी गांवकारी, म्हणजे गावाची जमीन एकत्र राखणारी जुनी संस्था, बांध सांभाळायची, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आलं, पावसाआधी माणसं जमायची, बांधावरून चालत जायची, बीळ दिसलं की चिखल मारायची. एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम. मग शेती परवडेना, पोरं शहरात, कुणी चालेना. बिळं तेवढीच राहिली आणि चिखल मारणारे संपले.

म्हणून मला विचाराल तर झिजणं, पोखरणं, गंजणं हे सगळं रोज सगळ्या वस्तूंना होतच असतं, ती काही बातमी नाही. रोजची डागडुजी थांबते ती बातमी. तुमच्या वाचनालयात चिखल मारणारे कधी संपले ते लिहा, शब्द आपोआप सापडेल.

चुकार_मास्तर
खाजनवालो, ही कमेंट मी कापून ठेवणार.

व्याकरणाचा_किडा
सगळे क्रियापदाच्या मागे लागलेत आणि गंमत म्हणजे जो हळूहळूपणा सुरंगीला हवाय तो क्रियापदात नाहीच आहे, तो '-त गेलं' मध्ये आहे. बघा. खंगला म्हटलं तर झालं, संपलं. खंगत गेला म्हटलं की मागे वळून बघतोय आणि मधली सगळी वर्षं दिसतायत. खंगत चाललाय म्हणजे अजून डोळ्यासमोर चालू आहे, काही करता आलं तर करा. आणि खंगून गेला म्हणजे आता करण्यासारखं काही उरलं नाही. नुसतं जाणे आणि चालणे बदललं की पेशंट मेला का जिवंत ते ठरतं, डॉक्टरची गरज नाही (गवती चहा, हलके घ्या).

त्यामुळे तुमच्या वाक्यातलं 'हळूहळू' काढून टाका. खंगत गेलं मध्ये ते आहेच, दुप्पट साखर कशाला. आणि संस्था अजून जिवंत आहे असं तुमचंच म्हणणं आहे तर 'गेलं' पण नको, 'चाललंय' लिहा. पंच्याहत्तरीच्या स्मरणिकेत 'गेलं' वाचून लोक श्रद्धांजलीचा अंक समजतील.

आबोली_म्हापसा
हळूहळू राहू दे हो, बोलताना म्हणतोच आपण सगळे.

व्याकरणाचा_किडा
बोलताना पांढरं दूध पण म्हणतो.

रगड्याची_फातर
कुणीच विरणे घेतलं नाही अजून? कापड विरतं ते फाटण्याआधीचं. आजीचं लुगडं धुऊन धुऊन विरलं की उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसायचं. पण ते टाकायचे नाहीत, त्याचीच बाळाची दुपटी करायचे, कारण विरलेल्या कापडाइतकं मऊ कापड दुकानात मिळत नाही. ज्या कापडाला नेसायची ताकद राहिली नाही त्यातच तान्ह्या पोराला गुंडाळायचे. जुन्या पुस्तकांची पानं पण तशीच विरतात ना.

तिसवाडीकर
पानं विरत नाहीत, पिवळी पडून तुटतात, पापडासारखी. आमच्या दमट हवेत तर आधी बुरशी. उगाच काव्य नको.

रगड्याची_फातर
तुम्ही परत दाखला आणायला जा.

चुकार_मास्तर
सुरंगीबाय, मुळात हे वाचनालय ७५ वर्षांपूर्वी काढलं कुणी? म्हणजे १९५० च्या आसपास, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा अंमल, छापील ओळ सेन्सॉरशिवाय निघत नव्हती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर आपल्याकडे मराठी शाळा नि वाचनालयं निघायला लागली ती लाट एक, पण तुमचं त्यानंतरचं. तेव्हा ते लोक काय म्हणत असतील, की वाचनालय अशक्त आहे? पुस्तकं किती होती सुरवातीला?

सुरंगी
मास्तर, पहिल्या रजिस्टरमध्ये ४१ पुस्तकांची नोंद आहे. कपाट पण नव्हतं, दादांच्या वडिलांच्या माडीवर पेटाऱ्यात ठेवायचे. आता साडेसहा हजार पुस्तकं आहेत. हे लिहिताना आत्ताच लक्षात आलं की पुस्तकांच्या हिशोबाने बघितलं तर काहीच क्षीण झालेलं नाही, उलट १६० पट झालंय. कमी झालंय ते येणं. पूर्वी शनिवारी बाजाराहून येताना बायका पिशवीतच पुस्तक टाकून न्यायच्या, आता बाजार आहे, पिशवी आहे, बायका पण आहेत. मोपाचा विमानतळ झाल्यापासून गावातली अर्धी पोरं शिफ्टमध्ये, ती झोपणार का वाचणार.

आणि @खाजनवालो, तुमचं वाचून मी मिटिंगची जुनी मिनिट्स काढली. १९९४ पर्यंत दर मे महिन्यात 'पुस्तकांना ऊन दाखवणे' असा ठराव आहे, कोण कोण आले त्यांच्या सह्यांसकट. १९९५ ला सहा सह्या. १९९६ ला दोन. १९९७ पासून ठरावच नाही. मला वाटतं हेच तुमचं ते बीळ. देव बरें करूं.

खाजनवालो
हेंच. हे छापा.

सुरंगी
अपडेट देते. काल संध्याकाळी दादांच्या घरी गेले आणि हा पूर्ण धागा मोबाईलवर वाचून दाखवला. कुर्लीच्या जागी दोनदा वाचायला लावलं, सहाणेच्या जागी काही बोलले नाहीत, आतल्या खोलीकडे बघत बसले. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली. मग बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "इतके शब्द काढले तुमी आणि साधो शब्द कोणी काढलो ना. थकलां बरय."

म्हणजे 'थकलं' असं लिही. मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, म्हाताऱ्या माणसाबद्दल आपण काय म्हणतो? आजोबा आता थकले. म्हणजे दमले नाहीत, दमणं संध्याकाळी होतं आणि सकाळी जातं. थकले म्हणजे वय झालं, आता जास्त चालवत नाही, ऐकायला कमी येतं, पण आहेत, ओसरीवर बसलेत, हाक मारली तर ओ देतात. खंगले म्हटलं तर आजार आला, झिजले म्हटलं तर उपकार आले, थकले म्हटलं तर नुसतं वय आलं. त्यात कुणाचा दोष पण नाही आणि कुणाचे आभार पण नाहीत.

तर वाक्य असं केलं, "१९९४ नंतर पुस्तकांना ऊन दाखवायला येणारी माणसं कमी होत गेली आणि वाचनालय थकलं." हळूहळू काढलं, किडा खूश.

गवती_चहा
अगदी. पेशंटच्या घरचे फोनवर सांगतात ना, "बाबा थकलेत हो आता." त्या वाक्याला मी कधी औषध लिहून देत नाही, जाऊन बसून येते.

पुणेरी_जावई
उत्तम. दादांना माझा नमस्कार सांगा. खंगणे सजीवांनाच हे माझं मत मात्र कायम आहे.

सुरंगी
थांबा, संपलं नाही. आज सकाळी खजिनदारांनी प्रूफ बघितलं आणि तांबड्या पेनाने 'थकलं' ला गोल केला. म्हणाले हे छापायचं नाही, लोक समजतील वाचनालयाचं कर्ज थकलंय, बँकेचा माणूस दारात येईल. मी म्हटलं थकणं म्हणजे वय होणं. ते म्हणाले माझ्या वहीत थकणं म्हणजे थकबाकी, आणि वही उघडून दाखवली. १२२ सभासद, त्यातल्या ९७ जणांची वर्गणी थकलेली, काहींची दहा दहा वर्षं. पहिलं नाव माझ्या सख्ख्या काकाचं.

दादा तिथेच बसलेले, एवढे हसले की पाणी द्यावं लागलं. शेवटी दोघांच्या मताने वाक्य ठरलं आणि दुपारी प्रेसला गेलं पण, "वर्गणी थकत गेली, माणसं थकली, आणि वाचनालयही थकलं." त्याच्याखाली खजिनदारांनी चौकट टाकून घेतली, थकबाकीदारांची नावं छापायची धमकी आहे.

व्याकरणाचा_किडा
एका वाक्यात तीनदा थकणे आणि तिन्ही वेगळे. खजिनदारांना सांगा, मान गये.

तिसवाडीकर
चौकटीतली नावं छापू नका, एवढंच सांगतो.

सुरंगी
का हो?

तिसवाडीकर
माझं आजोळ तुमच्याच गावात. सभासद नंबर ८८. चवथीला येतो तेव्हा सगळे चुकते करतो. आणि मे महिन्यात पुस्तकांना ऊन दाखवायचं ठरलं तर आधी कळवा, रजा टाकावी लागते.